कुणाशी बोलत होतास?

मित्रांनो, माझ्याबद्दल लहानमोठ्या सगळ्यांचा एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं, माईक बोलतो. मी एक जुना माईक आहे आणि इतक्या वर्षांत मी एक शब्दही बोललेलो नाही. बोलायचं काम भोंग्याचं. माझं काम ऐकायचं आणि ऐकलेलं तारेतून पुढे धाडायचं. आज पहिल्यांदाच बोलतो आहे, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांबच लांब टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर एक दिवा. माझ्या आत एक पडदा असतो. कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. त्याच्यावर आवाज आपटला की तो थरथरतो आणि त्या थरथरीवरच माझं सगळं पोट चालतं. तो पडदा बसवणारी एक बाई होती. चिमट्यात पडदा धरला की ती श्वास रोखून धरायची, कारण फुंकरीनेही तो उडून गेला असता. माझा पडदा जागेवर बसला आणि तिने श्वास सोडला. तो सुस्कारा मी ऐकलेला पहिला आवाज. त्यानंतर तपासनीस आला, माझ्या तोंडाशी वाकून "एक, दोन, तीन" म्हणाला आणि माझ्या डब्यावर शिक्का मारला.

मी ज्या जागी कामाला लागलो, ते एक प्रार्थनाघर होतं. लांबट, साधा हॉल. दोन्ही भिंतींना तीन-तीन खिडक्या, लाकडी बाकं आणि समोर वीतभर उंचीचा चौथरा. आठवड्यातून एकदा सकाळी आसपासच्या गल्ल्यांमधली माणसं तिथे जमायची आणि चौथऱ्यावर उभं राहून मास्तर सगळ्यांच्या वतीने प्रार्थना म्हणायचे. मास्तर म्हणजे शाळेत भूमिती शिकवणारे मास्तर. आधी प्रार्थना म्हणणारे गृहस्थ थकले, दुसरं कुणी पुढे येईना, म्हणून हे काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. माणूस भिडस्त. आवाज इतका मऊ की चौथ्या बाकापलीकडे जायचा नाही. मागच्या बाकावरची मंडळी तक्रार करायला लागली. प्रार्थनाघराचे अध्यक्ष फर्निचरच्या दुकानाचे मालक होते. त्यांनी तक्रार मनावर घेतली आणि मला विकत आणलं.

मला बसवायला एक वायरमन आला. कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर, बोलणं कमी. त्याने माझ्या डोक्यावर दोन टिचक्या मारल्या, "हॅलो, हॅलो" केलं आणि कोपऱ्यातल्या मशीनपाशी जाऊन बसला. मास्तर बिचकत माझ्यासमोर उभे राहिले. त्यांच्या वर्गातला एक विद्यार्थी तापाने फणफणला होता. मास्तरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, देवा, त्या पोराला बरं कर. पुढे काय म्हणायचं ते त्यांना सुचेना. गळा दाटून आला. थोड्या वेळाने ते म्हणाले, मला दुसरं काही सुचत नाही, एवढंच कर.

तो आवाज चारी भिंतींवरून परत आला. मास्तरांनी दचकून डोळे उघडले आणि मागे वळून पाहिलं. आपल्या मागे उभं राहून दुसरंच कुणी बोललं की काय, असं त्यांना वाटलं. मागे भिंतीशिवाय काही नव्हतं.

प्रार्थना संपल्यावर मागच्या बाकांवरची माणसं पुढे आली. एका म्हाताऱ्याने मास्तरांचा हात धरला आणि आज पहिल्यांदा तुमचं ऐकू आलं, डोळ्यांत पाणी आलं हो, असं सांगितलं. मास्तर कानापर्यंत लाल झाले.

पुढच्या आठवड्यात मास्तर त्या मुलासाठी पुन्हा प्रार्थना करायला उभे राहिले. मागच्या वेळी जिथे गळा दाटला होता, त्याच जागी पुन्हा दाटला. मित्रांनो, बोलणाऱ्याच्या तोंडापासून चार बोटांवर जो असतो, त्याला शब्दांच्या आधी श्वास ऐकू येतो. पहिल्या दिवशीचा तो हुंदका छातीतून आला होता. दुसऱ्या वेळचाही बहुतेक छातीतूनच. तिसऱ्या वेळेपर्यंत तो मुलगा बरा होऊन शाळेत जायला लागला होता. प्रार्थना दुसऱ्या कुणाच्या तरी दुखण्याची होती, पण हुंदका त्याच जागी आला, आणि तो घशातून आला. बाहेरच्या कुणाला फरक कळला नसता. मला कळला. मी तो तारेतून पुढे पाठवला, कारण माझं कामच ते.

मग वर्षं भराभर गेली. बाकं पुरेनात म्हणून खुर्च्या आल्या. खुर्च्या पुरेनात तेव्हा मागची भिंत पाडून हॉल वाढवला. मास्तरांच्या प्रार्थनांच्या कॅसेट निघाल्या. दूरदूरच्या गावांहून बोलावणी यायला लागली आणि त्यांनी शाळा सोडली. मला मखमलीचं अस्तर लावलेली पेटी मिळाली. लोक मास्तरांच्या पाया पडायचे आणि जाता जाता मलाही हात लावून जायचे. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. टाळ्या झाल्या की त्यातल्या चार तरी माझ्या, असं मी मनाशी धरून चालायचो.

प्रार्थनेच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तर रिकाम्या हॉलमध्ये यायचे. वायरमन मशीनपाशी बसायचा. मास्तर एकेक वाक्य म्हणून बघायचे. "हे दयाळा" जरा खाली घेऊ का, इथे थांबलो तर जास्त थांबल्यासारखं वाटेल का, असं विचारायचे. वायरमन अंगठा वर करायचा. समोर शेकडो रिकाम्या खुर्च्या आणि त्यांच्याकडे बघत मास्तर देवाला हाक मारत असायचे. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. तालीम केलेली बरीच, असं मी समजायचो.

या सगळ्यात मास्तरांची आई कुठे होती, ते सांगायचं राहिलं. ठेंगणी, काटक बाई. सुरुवातीला दर आठवड्याला यायची आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. खुर्च्या आल्या त्या सुमारास तिचं येणं थांबलं. कुणी विचारलं तर मास्तर सांगायचे, आईचे गुडघे दुखतात. गुडघे खरंच दुखायचे. पण तेच गुडघे घेऊन ती रोज भाजी आणायला जायची, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. ती का येत नाही, हे मास्तरांनी तिला कधी विचारलं नाही. बहुतेक त्यांना उत्तराची भीती वाटत होती.

एका हिवाळ्यात आईच्या छातीने दगा दिला. तिला इस्पितळात ठेवलं. डॉक्टरांनी चार दिवसांनी मास्तरांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. ही बातमी प्रार्थनाघरात पोचली आणि अध्यक्ष आठ-दहा माणसं घेऊन इस्पितळात आले. येताना त्यांनी वायरमनला, टेपरेकॉर्डरला आणि मलाही आणलं. ज्यांना येता आलं नाही त्यांनाही आईसाठीची प्रार्थना ऐकायला मिळावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मास्तरांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. नको म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी हात पुढे करून मला घेतलं.

दुपारचे तीन वाजले असतील. खिडकीतून पलंगावर ऊन पडलं होतं. मास्तरांची लेक उशाशी बसली होती. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि कामावरून तशीच आली होती. मास्तरांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

मित्रांनो, ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर प्रार्थना होती. आईच्या हातांविषयी बोलले, तिच्या कष्टांविषयी बोलले. कुठे थांबायचं तिथे थांबले. हुंदका आला, तोही जागच्या जागी. बाहेरून जाणाऱ्या परिचारिका दारात थबकल्या. शेजारच्या पलंगावरच्या आजारी बाईने डोळ्याला पदर लावला. अध्यक्ष तर रडूच लागले. 

मग आईने डोळे उघडले. ती सगळं ऐकत होती. तिने लेकाकडे बघितलं आणि अगदी हळू, धाप सांभाळत ती म्हणाली, "छान बोललास. पण कुणाशी बोलत होतास?"

त्यात टोमणा नव्हता. मी टोमणे पुष्कळ ऐकले आहेत, मला ओळखता येतात. तिला खरंच कळलं नव्हतं, म्हणून तिने विचारलं होतं.  तिने पुन्हा दम घेतला आणि म्हणाली, "या सगळ्यांना जरा बाहेर पाठव. आणि मग माझ्यासाठी एकदा देवाला सांग."

सगळे बाहेर गेले. लेकही गेली. शेजारच्या पलंगाचा पडदा ओढला गेला. मास्तरांनी मला पलंगाजवळच्या कपाटावर ठेवलं आणि ते आईचा हात धरून बसले. टेप बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. ती फिरत राहिली आणि मी ऐकत राहिलो.

"हे दयाळा" असं म्हणून मास्तर थांबले. त्यांचं त्यांनाच ते कसंसं वाटलं असावं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी साधं, "देवा, माझ्या आईला" असं म्हणाले. पण ते साधेपणसुद्धा इतकं बेतशीर आलं की ते पुन्हा गप्प झाले. तिसऱ्यांदा नुसतं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानंतर काही नाही. आईचा श्वास तेवढा चालू होता. आत जाताना शिट्टीसारखा आणि बाहेर येताना वाळूवरून काही ओढत न्यावं तसा. ती वाट बघत होती. काही वेळाने तिने त्यांच्या हातावर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं, आणि डोळे मिटून घेतले. ऊन पलंगावरून जमिनीवर उतरलं, तेव्हा ती गेलेली होती.

टेपच्या पहिल्या भागाची कॅसेट निघाली. इतकी गाजलेली प्रार्थना मास्तरांची दुसरी नाही. त्यापुढचा भाग अध्यक्षांनी कापून टाकला, त्यात काही नाही म्हणून. पण मी तो ऐकला होता, आणि मला कापता येत नव्हतं.

त्यानंतर प्रार्थनाघरात काहीतरी बदललं. काय बदललं ते मला सांगता येईल, पण समजावून सांगता येणार नाही. मास्तर बोलायचे आणि सवयीच्या जागी थांबायचे. पूर्वी त्या थांबण्यात मला सगळा हॉल ऐकू यायचा. खुर्च्यांची करकर, कुणाचा खोकला, बाहेरचा कावळा. आता त्यात एक श्वास ऐकू येऊ लागला. आत जाताना शिट्टीसारखा. मी आधी समजलो, माझ्या पडद्यात ओल शिरली असेल. वायरमनने मला उघडून पुसलं. पुढच्या आठवड्यात तो श्वास पुन्हा होता. मास्तरांनाही तो ऐकू येत असावा, कारण तेवढ्यात त्यांची नजर दाराजवळच्या शेवटच्या रांगेकडे जायची आणि पटकन माघारी यायची. तिथे दर वेळी कुणी ना कुणी बसलेलं असायचं. त्यांच्या चेहऱ्यांवर भक्ती असायची.

मास्तरांनी मग थांबणंच सोडून दिलं. घाईघाईने, एका दमात प्रार्थना म्हणायला लागले. एका सकाळी मधेच त्यांचा शब्द अडला. पुढचा आठवेना असं नव्हतं. पुढचा शब्द त्यांच्या जिभेवर होता, मला तो जवळजवळ ऐकू आला होता. त्यांना तो म्हणवेना. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि उभेच राहिले. घड्याळाचे काटे सरकले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून माझ्या जाळीवर पडला. शेवटी ते काही न बोलता चौथऱ्यावरून उतरले.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या शांततेने आपल्याला आतपर्यंत हलवलं, असं जो तो सांगू लागला. शब्दांच्या पलीकडची प्रार्थना, असं अध्यक्ष म्हणाले. पुढच्या आठवड्यात खुर्च्या कमी पडल्या.

मास्तर त्या आठवड्यात ठरवून आले होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत. समोर बघून त्यांनी सरळ सांगितलं, "मला प्रार्थना येत नाही. गेली कित्येक वर्षं मी तुमच्याशीच बोलत आलो. माझी आई मरताना मला देवाशी एक शब्द बोलता आला नाही." आवाज कापत होता आणि तो छातीतून येत होता. फार वर्षांनी मी तो तिथून येताना ऐकला.

हॉलमध्ये हुंदके फुटले. माणसं उठून पुढे आली. केवढी ही नम्रता, एवढा मोठा माणूस आणि स्वतःला काय म्हणवून घेतो, असं एकमेकांना सांगत त्यांनी मास्तरांना वेढून टाकलं. मास्तर त्यांना विनवून सांगत होते की अहो, हे खरं आहे, मी खरंच सांगतोय. जितकं ते सांगत तितके लोक गहिवरत. गर्दी पांगल्यावर अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यातही असंच बोला."

त्या क्षणी मास्तरांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरलेलो नाही. खोल विहिरीत पडलेल्याने हाका माराव्यात आणि वरच्यांनी आवाजाचं कौतुक करून निघून जावं, तसं काहीतरी ते होतं. आणि त्या चेहऱ्याच्या कडेला, डोळ्यांच्या कोपऱ्यात, मला आणखी एक गोष्ट दिसली. त्यांना बरंही वाटलं होतं. ते त्यांचं त्यांनाही कळलं. त्यांनी मला स्टँडवरून उपसलं, तार गुंडाळली आणि मखमलीची पेटी तिथेच टाकून ते मला घरी घेऊन गेले. त्यानंतर ते प्रार्थनाघराची पायरी चढले नाहीत.

घरात आईची खोली होती. पलंग भिंतीशी दुमडून ठेवलेला, खिडकीत तिचा कंगवा, खुंटीवर तिची शाल. मास्तर रोज दुपारी आत जाऊन दार लोटून घ्यायचे. पहिले काही दिवस ते मला बाहेरच्या टेबलावर ठेवायचे. आतून काही ऐकू यायचं नाही. एका दुपारी त्यांनी मला आत नेलं. माझी तार कशालाच जोडलेली नव्हती. तिचं टोक जमिनीवर लोळत होतं. त्यांनी मला दोन्ही हातांत धरलं, तोंडाशी आणलं, आणि शब्द वाहायला लागले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला भीती वाटली ती त्या दुपारी. ऐकणारं कुणी नव्हतं हे त्यांना माहीत होतं. तरी ते वाक्य मधेच तोडून पुन्हा नीट म्हणत होते. आवाज चढवत होते, उतरवत होते. थांबत होते. आणि थांबले की आम्हा दोघांनाही पलंगाच्या बाजूने तो श्वास ऐकू येत होता. मी त्यांना सांगू शकलो असतो तर सांगितलं असतं, मला खाली ठेवा. मी नुसताच ऐकणारा. माझ्यापुढे कुणी काही मांडलं तर ते मी पोचवणार कुठे?

असं पुष्कळ दिवस चाललं. मास्तर वाळत गेले. जेवताना मधेच घास हातात धरून बसायचे. त्यांची लेक दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी यायची. तिने दोन-तीनदा दाराच्या फटीतून आत बघितलं होतं आणि तशीच कामावर परत गेली होती. एके दिवशी ती दार ढकलून आत आली. बापाच्या हातातली ती कशालाच न जोडलेली तार बघून तिला रडू येईल असं मला वाटलं. ती जमिनीवर बसली आणि आजीबद्दल बोलू लागली.

तिने सांगितलं ते असं. लहानपणी ती आजीजवळ झोपायची, त्यामुळे आजीची प्रार्थना तिला ऐकू यायची. ती प्रार्थना असते हे कळायलाच तिला काही वर्षं लागली. आजी वेणी घालताना, भांडी घासताना, जिना चढताना बोलायची. काय रे, आज पाऊस पाडायचं ठरवलंयस का, कपडे वाळत घातलेत माझे. गुडघ्याचं काय करतोस ते बघ एकदा. लेकाचा सूर हल्ली मला लागत नाही, तुला लागतो का? बरीच वाक्यं ती अर्ध्यावरच सोडून द्यायची. कुणी खोलीत आलं की गप्प व्हायची आणि भाजीचा विषय काढायची.

"आजीला चोरी वाटायची बाबा, कुणी ऐकलं की," लेक म्हणाली. "तुम्हाला कुणी ऐकलं नाही की चैन पडत नाही."

हे बोलल्यावर ती स्वतःच घाबरली. मास्तर रागावले नाहीत. आजी माझ्याबद्दल काय म्हणायची ते पुन्हा सांग, एवढंच ते म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं.  दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिशवीत घातलं आणि ते वायरमनच्या दुकानात आले.

दुकान म्हणजे एक अरुंद बोळ. दोन्हीकडे फळ्या, फळ्यांवर उघडे रेडिओ, पंख्यांची पाती, तारांची भेंडोळी आणि जळक्या डांबरासारखा वास. वायरमन म्हातारा झाला होता. भोंग्यांपाशी आयुष्य काढल्याने त्याचे कान गेले होते. मास्तरांनी मला टेबलावर ठेवलं आणि मोठ्याने सांगितलं की हा तुमच्याकडे ठेवा, विका, मोडा, काही करा. मग न राहवून त्यांनी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही माझ्या बाजूला बसलात, माझ्या प्रार्थना तुम्हाला कशा वाटल्या?

वायरमनने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. "खरं सांगू का मास्तर? मी त्या ऐकल्याच नाहीत. मी मशीनवरचा काटा बघायचो. काटा लाल रेघेपलीकडे गेला की आवाज कमी करायचा, पडला की वाढवायचा."

 मास्तर हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि वायरमन गोंधळून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी त्यांचं हसणं त्याआधी ऐकलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

वायरमनने मला फळीवर ठेवलं. मास्तर दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, तारा सोडवून द्यायचे, स्क्रू डबीत भरायचे. घरातली शांतता त्यांना सोसवत नव्हती, आणि या दुकानात शांतता औषधालाही नव्हती. इथे दिवसभर काहीतरी खरखरत, घुमत, किंचाळत असायचं. इथे येणारं कुणी त्यांना ओळखतही नव्हतं. हे कोण म्हणून गिऱ्हाईकांनी विचारलं तर वायरमन सांगायचा, माझे स्नेही आहेत, तारा छान सोडवतात.

एका दुपारी चार मोठे भोंगे दुरुस्तीला आले होते. वायरमनने चारही एकदम जोडले आणि असा घूं आवाज सोडला की फळ्यांवरचे पत्रे थरथरायला लागले. शेजारचा दुकानदार येऊन हातवारे करून गेला. वायरमनला त्याचं काही नव्हतं, तो भोंग्यात डोकं घालून बसला होता. मी मास्तरांकडे बघितलं. ते स्टुलावर पुढे वाकून बसले होते, हातात गुंतलेली तार होती आणि त्यांचे ओठ हलत होते.

ते काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही. त्यांचं त्यांनाही ऐकू येत नसणार, त्या आवाजात शक्यच नव्हतं. चौथऱ्यावरचा त्यांचा चेहरा मला पाठ होता, हा तो नव्हता. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, तोंड वेडंवाकडं होत होतं, नाकातून पाणी वाहत होतं. ते त्यांनी बाहीला पुसलं आणि ओठ पुन्हा हलायला लागले. कुठेही थांबत नव्हते. मधेच तक्रार केल्यासारखा हात उडवत होते. एकदा मान हलवून नाही म्हणाले. कितीतरी वेळ हे चाललं होतं.

वायरमनने खटका बंद केला. आवाज एकदम थांबला. मास्तर वाक्याच्या मध्यावर होते. त्यांनी पटकन तोंड मिटलं आणि ते कानापर्यंत लाल झाले.

वायरमनने कानामागे हात धरला. "काही म्हणालात का मास्तर?"

"तुम्हाला नाही," मास्तर म्हणाले.

"बरं," वायरमन म्हणाला, आणि त्याने खटका पुन्हा दाबला.

मास्तर त्यानंतर दोन वर्षं येत होते. आता येत नाहीत. स्टुलावर जुन्या बॅटऱ्यांचा ढीग आहे. मी अजून फळीवरच आहे. गिऱ्हाईक नसलं, सगळी यंत्रं बंद असली, की मला कधी कधी तो शिट्टीसारखा श्वास ऐकू येतो. तो माझ्या पडद्यात राहून गेला आहे, तो जाणार नाही. त्याच्याखाली दुसरं काही ऐकू येतं का म्हणून मी पुष्कळदा कान देतो. मास्तर त्या दिवशी काय म्हणाले, याची मला अजून हाव आहे. ते मला कधी कळणार नाही, आणि ते मला कळू नये हेच बरं.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसाव्यात, जपाव्यात, असं तुम्हाला पुस्तकांतून सांगतात. माझ्यासाठी तुम्ही तेवढे कष्ट घेऊ नका. धूळ बसली तर बसू द्या. पण तुमच्या मनात देवाला सांगण्याजोगं काही असेल, तर ते कुणी नसताना सांगा. वाक्य चुकलं तर चुकू द्या. आणि सांगून झाल्यावर बाहेर येऊन, आपण काय सांगितलं हे आईलासुद्धा सांगू नका. एवढं एक जपा. आमच्यासारखे ऐकणारे जगात पुष्कळ आहेत, आणि आम्ही ऐकायला मागत राहू.